दूध नासतं, तूप टिकतं : घरचं बॉडी लोशन बनवण्याआधी

(कौंडण्यपूर इथल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

मागच्या सतरंजीवर बसलेल्या बायांनो, जरा पुढे सरकून बसा. आज फळ्यावर लिहायचं थोडं आहे आणि भांड्यांत दाखवायचं जास्त आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणी सकाळी कापूस वेचून आलेल्या दिसता. हात वर करा बरं. पाहा, सगळ्यांच्या बोटांची टोकं सारखीच. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या टोचून ओरखडे, नखांच्या कडेला भेगा, त्यात वर्धेवरून येणारा हा कोरडा वारा. कापूस वेचायचा हंगाम आणि कातडी फुटायचा हंगाम वऱ्हाडात एकदमच येतात. म्हणून आजचा विषय घेतला : घरी बॉडी लोशन कसं बनवायचं, ते का नासतं, आणि आपल्याला खरंच लोशन पाहिजे की दुसरं काही.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. आम्ही दोघी-तिघी गेली काही वर्षं गावोगाव साबण, मलम, उटणी बनवायला शिकवतो. पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेनं लोशन केलं. परसातली कोरफड काढली, खोबरेल तेल घेतलं, गुलाबपाणी घेतलं, सगळं मिक्सरमध्ये फिरवलं. पांढरंशुभ्र, मऊ, वासही छान. आम्ही अभिमानानं भरण्या भरल्या आणि घरोघरी वाटल्या. बाराव्या दिवशी भरणीच्या झाकणाखाली काळे ठिपके दिसले. भरण्या फेकून दिल्या असत्या आणि गोष्ट संपली असती. पण त्याआधीच आमच्या घरातल्या एका काकूंनी ते रोज रात्री टाचेच्या भेगांत भरलं होतं. काकूंना मधुमेह. टाच सुजली, ताप आला, दवाखाना झाला, महिनाभर पट्ट्या बदलल्या. पाय वाचला. डॉक्टरांनी विचारलं, काय लावत होता? आम्ही भरणी नेऊन दाखवली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि भरणी परत आमच्याच हातात दिली.

ते लोशनमुळेच झालं असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. भेग आधीपासून होतीच. पण त्या भेगेत आम्ही जंतूंनी भरलेलं काहीतरी घालत होतो, हे तर खरं ना? त्या दिवसापासून आम्ही आधी समजून घेतो आणि मग शिकवतो.

लोशन म्हणजे काय?

एका वाक्यात सांगायचं तर लोशन म्हणजे पाणी आणि तेल यांचा संसार. आणि हा संसार आपोआप होत नाही. पेल्यात पाणी घ्या, वर तेल ओता, चमच्यानं कितीही ढवळा. दोन मिनिटांत तेल वर, पाणी खाली. दोघांना बांधून ठेवायला तिसरं कोणी लागतं. त्याचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं टोक तेलाला. अशा पदार्थाला इमल्सिफायर म्हणतात. मराठीत पायसीकारक असा शब्द आहे. पायस म्हणजे दुधासारखं. नावातच सगळं सांगितलंय.

कारण निसर्गानं बनवलेलं पहिलं लोशन म्हणजे दूध. दुधात स्निग्धांशाचे बारीक थेंब पाण्यात तरंगतात, आणि दुधातली प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. थेंब इतके बारीक की उजेड त्यांच्यावर आदळून विखुरतो, म्हणून दूध पांढरं दिसतं. लोशन पांढरं असतं तेही याच कारणानं. त्यात पांढरा रंग कोणी घातलेला नसतो.

आता ताक घुसळायचं आठवा. साय विरजून रवीनं घुसळता तेव्हा काय होतं? आधी पाण्यात स्निग्धांशाचे थेंब होते. घुसळता घुसळता ते एकमेकांना चिकटतात, गोळा होतो, आणि लोणी वर येतं. लोण्यात उलटं असतं : स्निग्धांश जास्त आणि त्यात पाण्याचे बारीक थेंब अडकलेले. बाजारातल्या वस्तूंतही हाच फरक असतो. लोशन दुधाच्या जातीचं : पाणी जास्त, हलकं, अंगात लवकर जिरणारं. जुन्या पद्धतीची कोल्ड क्रीम लोण्याच्या जातीची : तेल जास्त, जड, थंडीत उपयोगी.

आता लोणी कढवा. पाणी उडून जातं, बेरी खाली बसते, वर तूप राहतं. तूप किती दिवस टिकतं? महिनोन्‌महिने. आणि दूध? उन्हाळ्यात सकाळचं दूध तापवलं नाही तर दुपारी नासतं. गाय तीच, स्निग्धांशही तोच. फरक फक्त पाण्याचा. जिथं पाणी आहे तिथं जंतू वाढतात. पाणी नाही तिथं वाढू शकत नाहीत.

आजच्या व्याख्यानातलं एवढं एक वाक्य घरी न्या : दूध नासतं, तूप टिकतं. बाकी सगळं त्यातून निघतं.

कातडी कोरडी का होते?

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. भिंतीसारखी कल्पना करा. पेशी म्हणजे विटा, आणि विटांमधला गारा म्हणजे कातडीतली स्वतःची चरबी. ही भिंत आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे जंतू आत येऊ देत नाही. थंडीची कोरडी हवा, गरम पाण्याची आंघोळ, कपड्याच्या साबणानं धुतलेले हात यांनी गारा निघून जातो. मग आतलं पाणी उडतं, भिंत कडक होते आणि वाकवली की तडकते. तीच भेग.

तळहात आणि तळपाय यांची अडचण आणखी वेगळी. बाकी अंगावर तेल सोडणाऱ्या ग्रंथी असतात, पण तळव्यांवर त्या नसतातच. तिथं फक्त घाम येतो. म्हणून चेहरा तेलकट असलेल्या माणसाच्याही टाचा फुटतात.

आणि घामही थांबला तर? मधुमेहात आणि कुष्ठरोगात नसांना इजा होते. पायाची संवेदना जाते हे सगळ्यांना माहीत असतं. पण घाम आणणाऱ्या नसाही बंद पडतात हे फारसं कोणी सांगत नाही. मग तळवा वाळलेल्या चामड्यासारखा होतो, भेगा पडतात, त्या दुखत नाहीत म्हणून कोणी पाहत नाही, त्यातून जंतू आत जातात. बोटं आणि पाय गमावण्याची वाट पुष्कळदा एका साध्या भेगेपासून सुरू होते.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. नदीपलीकडे वर्ध्याजवळ मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरचं कुष्ठधाम सुरू केलं. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हातानं मालिश करत, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. त्या काळी लोक कुष्ठरोग्याला शिवतही नव्हते. आज कुष्ठरोग गोळ्यांनी बरा होतो, पण बधिर झालेल्या हातापायांची काळजी जन्मभर घ्यावी लागते. त्यासाठी कुष्ठरोग्यांना शिकवतात ते अगदी साधं आहे : साध्या पाण्यात हातपाय भिजवा, जाड झालेली कातडी हळू घासा, आणि ओल असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावा.

क्रम नीट ऐकला का? आधी पाणी, मग तेल. तेल कातडीला पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवतं. कोरड्या टाचेला तेल लावणं म्हणजे रिकाम्या माठावर झाकण ठेवणं.

मग लोशनमध्ये काय काय असतं?

कातडीसाठी तीन कामं करावी लागतात. पहिलं, पाणी धरून ठेवणं. हे काम ग्लिसरीन करतं. दुसरं, विटांमधल्या फटी भरून मऊपणा आणणं. हे काम तेलं करतात. तिसरं, वरून झाकण घालणं. हे काम मेण आणि व्हॅसलीन करतात. बाजारातल्या कुठल्याही बाटलीमागची यादी वाचा, वीस नावं असली तरी कामं ही तीनच. बाकी पाणी, पायसीकारक, वास आणि टिकवणारा पदार्थ.

घरी पद्धतशीर लोशन करायचं तर १०० ग्रॅमचं प्रमाण असं : उकळून घेतलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी ७५ ग्रॅम, तेल १५ ग्रॅम, इमल्सिफाइंग वॅक्स ५ ग्रॅम, ग्लिसरीन ४ ग्रॅम, आणि टिकवण्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह १ ग्रॅम, म्हणजे पाकिटावर लिहिलेल्या मर्यादेत. तेल आणि वॅक्स एका भांड्यात, पाणी आणि ग्लिसरीन दुसऱ्या भांड्यात. दोन्ही भांडी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवायची. दोन्ही सारखीच गरम पाहिजेत. थंड पाणी ओतलं की वॅक्स लगेच गोठतं आणि गुठळ्या होतात. मग एकत्र करून निवेपर्यंत हलवत राहायचं. हाताला कोमट लागलं, म्हणजे ४० अंशांच्या खाली आलं, की प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं. लोशन तयार. काटा मात्र ग्रॅम दाखवणारा हवा. चमच्याचं माप इथं चालत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला त्यात केमिकल नको. मागच्या वेळी एका ताईंनी विचारलंच होतं, "मी त हळद टाकली होती जी, तरी काहून नासलं?"

हळद, कडुलिंब, तुळस यांचे गुण आहेत, पण पाण्याच्या भरणीला ते राखू शकत नाहीत. उलट वाळलेल्या पाल्याची पूड म्हणजे बुरशीचं खाणं. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, जंतूंना मात्र अडवत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. सुगंधी तेलांनी जंतू थांबवायचे तर इतकं घालावं लागतं की कातडीच पोळते. कोरफडीचा ताजा गर दिवस-दोन दिवसांत खराब होतो. आणि पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक नीट निथळून टाकला नाही तर त्यानंच खाज सुटते.

सगळ्यात मोठी फसगत डोळ्यांची होते. लोशनमध्ये बुरशीचा ठिपका दिसतो तोवर त्यात लाखो जंतू झालेले असतात. पांढरं, सुवासिक, मऊ दिसणारं लोशनही आतून नासलेलं असू शकतं. आमच्या भरण्यांचं तेच झालं होतं.

तेव्हा पर्याय दोनच. पाणी घालायचं तर प्रिझर्व्हेटिव्ह घाला, मोजून घाला. प्रिझर्व्हेटिव्ह नको असेल तर पाणी घालू नका. "पाणीही आहे, प्रिझर्व्हेटिव्हही नाही आणि सहा महिने टिकतं" असं कोणी विकत असेल तर ते घेऊ नका.

बिनपाण्याचं मलम

आम्ही स्वतः आता दुसऱ्या वाटेनं जातो. भरणीत फक्त तेल आणि मेण. पाणी घ्यायचं ते अंगावर.

तेल कुठलं? वऱ्हाडात तेलांची कमी नाही, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

करडीचं तेल कातडीला चांगलं. त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि ते आपल्या भिंतीच्या गाऱ्याला लागतं. पण ते खवट लवकर होतं, म्हणून थोडं थोडं करायचं. तिळाचं तेल जास्त टिकतं, कारण तिळात स्वतःचेच खवटपणा रोखणारे पदार्थ असतात. जवसाचं तेल नको. ते हवेत सुकून चिकट पापुद्रा होतं, म्हणूनच लाकडाला लावतात. सरकीचं कच्चं तेलही नको. त्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. शुद्ध केलेलं सरकीचं तेल चालतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, हे थंडीत बाटली चुलीजवळ ठेवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. मेळघाटात मोहाच्या बियांचं तेल अंगाला लावतात. तेही थंडीत घट्ट होतं आणि मलमाला छान अंग देतं.

घाणीचं तेल मिळालं तर उत्तम. आपल्या नदीपलीकडे, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत. तिथं झवेरभाई पटेलांनी बैलघाणीत सुधारणा केल्या, कमी श्रमात जास्त तेल कसं निघेल यावर वर्षानुवर्षं काम केलं. घाणीच्या तेलाला आज शहरात भाव आलाय. तेव्हा तो गावातल्या तेल्याच्या पोटाचा प्रश्न होता.

मेण म्हणजे मधमाशांचंच. मेणबत्तीचं मेण घेऊ नका. ते वेगळं असतं, त्यात रंग आणि वास मिसळलेले असतात. पोळ्याचं कच्चं मेण आणलं तर पाण्यात उकळा, कापडातून गाळा, निवू द्या. वर मेणाची वडी धरते, खाली कचरा बसतो. वडी पूर्ण वाळवा. हे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं.

प्रमाण आमच्या हवेला बघून. थंडीत तेल ८५ ग्रॅम, मेण १५ ग्रॅम. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ ला जातो, तेव्हा तेल ८० आणि मेण २०. पुण्या-मुंबईच्या कृतीत मेण कमी असतं. ती कृती इथं मे महिन्यात केली तर डबीत नुसतं तेल दिसतं.

कृती सोपी. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून मेण वितळवा. थेट आचेवर ठेवू नका, मेण पेट घेऊ शकतं. वितळलं की तेल घाला, हलवा. एक थेंब थंड बशीवर टाका, मिनिटभर थांबा, बोटानं बघा. घट्ट वाटलं तर चमचाभर तेल, पातळ वाटलं तर थोडं मेण. मग पूर्ण कोरड्या डब्यांत ओता. कोरड्या म्हणजे कोरड्याच. धुवून उन्हात वाळवलेल्या. वापरतानाही ओलं बोट डबीत घालायचं नाही. लोणच्याच्या बरणीचा नियम इथंही लागू. तारीख लिहा. तिळाच्या तेलाचं मलम सावलीत पाच-सहा महिने टिकतं. खवट वास आला की टाकून द्या.

आणि लावायचं कसं? आंघोळ झाली की अंग टिपा, खसाखसा पुसू नका. तळहात ओला असतानाच त्यावर दोन-तीन थेंब ग्लिसरीन घ्या, पाण्यात चोळा, हातापायांना लावा. लगेच हरभऱ्याएवढं मलम वरून चोळा. पाणी, ग्लिसरीन, तेल, मेण : लोशनमधलं सगळं आलं, पण ते भरणीत एकत्र आलं नाही, तुमच्या कातडीवर आलं. नासायला वेळच मिळाला नाही.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं

आयुर्वेदात शतधौत घृत सांगितलं आहे. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, पाणी घालून फेसायचं, पाणी ओतून टाकायचं, परत नवीन पाणी. असं शंभर वेळा. पिवळं रवाळ तूप पांढरं, मऊ, लोण्यासारखं होतं. भाजल्या कातडीच्या आगीवर ते लावत. मात्र त्यात पाण्याचे बारीक थेंब अडकतात हे विसरू नका. म्हणून थोडंच करायचं, लवकर संपवायचं.

दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात गॅलेन नावाचा वैद्य होता. तो मधमाशांचं मेण, तेल आणि गुलाबपाणी फेसून मलम करायचा. अंगावर पाणी उडालं की थंड लागायचं, त्यावरून कोल्ड क्रीम हे नाव पडलं. पुढे लोकांनी त्यात टाकणखार घालायला सुरुवात केली. मेणातल्या आम्लाशी त्याचा साबण होतो आणि तो साबण तेल-पाणी बांधून ठेवतो. जुन्या पुस्तकांत ही कृती सापडेल. आम्ही ती शिकवत नाही, कारण फुटलेल्या कातडीतून टाकणखार शरीरात जातो, आणि लहान मुलांना तो मुळीच नको.

तुमचे प्रश्न

"लहान लेकराच्या मालिशला कुठलं तेल?" बांगलादेशात ढाक्याच्या एका बालरुग्णालयात वेळेआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलानं हलकं मालिश केलं. त्यांच्यात संसर्गाचं प्रमाण कमी झालं. ते संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. कारण तेच, कातडीची भिंत मजबूत झाली. करडीचं तेलही त्याच जातीचं. पण हात स्वच्छ पाहिजेत, तेल ताजं पाहिजे, कानात-नाकात तेल घालायचं नाही. कमी दिवसांचं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

"युरियाचं क्रीम टाचेला चांगलं म्हणतात. घरात युरियाची बॅग आहेच, त..." नाही ताई. मेडिकलमधलं युरियाचं क्रीम खरंच चांगलं, जाड कातडी मऊ करतं. पण तो युरिया औषधाच्या दर्जाचा असतो. शेतातल्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, इतर अशुद्धी असतात. तो पिकासाठीच राहू द्या.

"लिंबू लावलं तर हात गोरे आणि मऊ होतात का?" लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर कातडी भाजते, काळे डाग पडतात आणि महिनोन्‌महिने राहतात. शेतात जाणाऱ्या बाईनं तर लिंबाच्या वाटेलाच जाऊ नये. सोडा आणि चुनाही नको. कातडी किंचित आंबट असते, पीएच पाचच्या आसपास. सोड्यानं ते बिघडतं.

"वारीत काय लावायचं?" हा खास आपल्या गावचा प्रश्न. रुक्मिणीमातेची पालखी चारशेहून जास्त वर्षं इथून पंढरपूरला जाते, वाट महिन्याभराहून मोठी. सुरुवातीला ऊन, पुढे पाऊस. उन्हाच्या दिवसांत रात्री पाय धुवा, टिपा, टाचेला मलम लावा, वरून सुती मोजा घाला. पावसात मात्र बोटांच्या बेचक्यांत मलम लावू नका. तिथं ओल राहिली की चिखल्या होतात. बेचक्या कोरड्या, टाच मऊ, एवढं लक्षात ठेवा.

"मधुमेह असला तर?" पाय फार वेळ भिजवू नका, कातडी जास्त मऊ पडून फाटते. धुवा, टिपा, टाचेला मलम, बेचक्या कोरड्या. रोज रात्री तळवा आरशात बघा किंवा घरच्याला दाखवा. गरम पाणी घेण्याआधी दुसऱ्या कोणाला हात घालून बघायला सांगा. भेगेतून रक्त, पू, किंवा सूज दिसली तर आमचं मलम बाजूला ठेवून दवाखाना गाठा. उघड्या जखमेत घरचं काहीच भरू नका. आमच्या काकूंच्या टाचेनं आम्हाला शिकवलेली ही गोष्ट आहे.

"बचत गटानं विकायला काढलं तर?" घरी वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. विकायचं म्हटलं की औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू होतात. अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो. लेबलवर घटक, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि वापरण्याची मुदत लिहावी लागते. त्रास वाटेल, पण विचार करा : तुमची डबी कोणाच्या टाचेला लागणार आहे हे तुम्हाला माहीत नसतं. वर्ध्याला मगनवाडीतच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, तिथं ग्रामीण रसायन उद्योगाचं काम चालतं. गटानं आधी तिथं जाऊन विचारावं, मग भांडवल घालावं.

"एवढं करण्यापेक्षा व्हॅसलीन काय वाईट?" अजिबात वाईट नाही. घरचं म्हणून चांगलं आणि बाजारचं म्हणून वाईट असं कातडीला कळत नाही. पाणी अडवायला व्हॅसलीनच्या तोडीचं फार थोडं आहे, स्वस्त आहे, नासत नाही. ओल्या टाचेवर लावा. ज्यांच्याकडे तेल घरचं आहे, मेण मिळतं, किंवा ज्यांना करायची हौस आहे त्यांनी मलम करावं. काहीही लावा, पण नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस थांबा. लाली, खाज आली नाही तरच अंगभर.

बरं, बोलणं पुष्कळ झालं. पातेल्यात पाणी तापलंय, मेण वितळत आलंय. ज्यांनी घरून कोरडी डबी आणली असेल त्यांनी पुढे या. ओली असेल तर आधी तिकडे उन्हात ठेवून या, तोवर आम्ही थांबतो.